मॅक्रो लेन्स घेण्याआधी हातात पट्टी घ्या

जळगावच्या सराफ बाजारासाठी दागिन्यांचे फोटो काढणारा, कपाशीच्या पानाखालचा मावा टिपून कृषी सहायकाला पाठवणारा आणि पावसाळ्यात पाटणादेवीला फुलपाखरांमागे फिरणारा, हे तिघे दुकानात जाऊन एकच मागणी करतात: मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक वस्तू जवळून मोठी टिपणारी लेन्स, दाखवा. दुकानदारही बहुतेक वेळा एकच १०० मिलिमीटरची लेन्स पुढे ठेवतो. फुलपाखरांसाठी ती चांगली आहे. दागिन्यांचं काम तिच्याहून बऱ्याच स्वस्त लेन्समध्ये झालं असतं. मावा आणि फुलकिड्यांसाठी मात्र ती एकटी अपुरी पडते. म्हणून लेन्सच्या नावापासून सुरुवात न करता आपण ज्याचा फोटो काढणार त्याच्या आकारापासून करायची, आणि त्यासाठी शाळेतली पंधरा सेंटीमीटरची पट्टी पुरते.

आधी मोजमाप

लेन्सच्या माहितीत १:१, १:२ किंवा ०.३६ एक्स असे आकडे दिलेले असतात. हे मॅग्निफिकेशन. १:१ म्हणजे वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या पट्टीवर, पडते. दहा मिलिमीटरची अळी सेन्सरवरही दहा मिलिमीटर. १:२ वर तीच पाच मिलिमीटर. पुढे मोबाइलवर किंवा टीव्हीवर ती केवढी दिसेल याचा या आकड्याशी संबंध नाही.

फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. निकॉन, सोनी आणि फुजीचा क्रॉप, म्हणजे त्याहून लहान, सेन्सर साधारण २३.५ × १५.६, कॅननचा २२.३ × १४.९, तर मायक्रो फोर थर्ड्सचा १७.३ × १३. लेन्स १:१ वर असताना समोरची तेवढीच जागा चौकटीत मावते. त्यामुळे त्याच लेन्सवर क्रॉप कॅमेऱ्यात किडा चौकट जास्त भरतो. कीटकांसाठी फुल फ्रेम कॅमेरा घ्यायची घाई कुणी करू नये, त्याचं हे एक कारण.

आता घरात आहे त्या लेन्सची चाचणी घ्या.

१. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५, ५५ वर न्या आणि फोकस मॅन्युअल करा. फोकस रिंग सर्वांत जवळच्या टोकाला फिरवा. काही नव्या लेन्सची रिंग टोकाला अडत नाही, फिरतच राहते. तिथे चित्र बदलायचं थांबेपर्यंत फिरवा.

२. पट्टी टेबलावर सपाट ठेवा, कॅमेरा तिच्यावर सरळ धरा. आता रिंगला हात लावायचा नाही. कॅमेराच खालीवर करून आकडे स्पष्ट दिसतील तिथे थांबा आणि फोटो काढा.

३. फोटोत डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत किती मिलिमीटर दिसतात ते मोजा.

४. सेन्सरच्या रुंदीला त्या आकड्याने भागा.

कॅननच्या १८-५५ एफ/३.५-५.६ एसटीएम लेन्सवर साधारण ६२ मिलिमीटर दिसतात. २२.३ भागिले ६२ म्हणजे ०.३६, म्हणजे १:३ च्या जरा पुढे. निकॉनची एएफ-पी १८-५५ ही त्याच पट्ट्यात येते. गळ्यातला हार, भरताचं वांगं, केळीच्या पानावरचा करप्याचा डाग, पंख पसरलेलं मोठं फुलपाखरू, हे सगळं ६२ मिलिमीटरमध्ये किंवा त्याहून मोठ्या चौकटीत येतं. एवढंच काम असेल तर पैसे लेन्सवर घालू नका, उजेडावर घाला.

कशाला किती लागतं

राणीहार पसरून ठेवला की तो २५० मिलिमीटर रुंद होतो. त्याला क्रॉप सेन्सरवर १:१२ पुरतं. अंगठी उभी ठेवली तर उंची २२ मिलिमीटरच्या आसपास. ती चौकटीच्या आखूड बाजूत बसवायची असल्याने १:२ बास, कारण क्रॉप सेन्सरवर १:२ ला ४७ × ३१ मिलिमीटर जागा मिळते. १:१ वर तर अंगठी मावतच नाही. कानातले छोटे टॉप्स, नथीतला एखादा मोती किंवा खड्याची बैठक दाखवायची असेल तेव्हाच १:१ कडे जायचं. आणखी एक काम म्हणजे हॉलमार्कचा फोटो. दागिन्यावर बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षरी एचयूआयडी असतो. १ एप्रिल २०२३ पासून या सहा अक्षरी कोडशिवाय हॉलमार्कचं सोनं विकता येत नाही, त्यामुळे ऑनलाइन विक्रीत गिऱ्हाईक त्याचा फोटो मागतं. तो कोरलेला मजकूर फार बारीक असतो, तिथे १:१ लागतंच.

शेतातला हिशोब वेगळा. कपाशीतली गुलाबी बोंडअळी पूर्ण वाढल्यावर १० ते १२ मिलिमीटर, म्हणजे १:१ वर अर्धी चौकट भरते. मक्यावरची लष्करी अळी पूर्ण वाढीला ३० ते ४० मिलिमीटरची, तिच्या अंगाला १:२ पुरतं. पण ती लष्करीच आहे हे पटवायला डोक्यावरचं उलट्या इंग्रजी वायसारखं चिन्ह आणि शेपटीकडे चौकोनात असलेले चार काळे ठिपके स्पष्ट दिसायला हवेत. डोकं तीनएक मिलिमीटरचं, त्यासाठी १:१. तुडतुडा सुमारे तीन मिलिमीटर, मावा एक ते दोन, पांढरी माशी दीडच्या आत, आणि फुलकिडा जेमतेम एक.

या छोट्यांसाठी मोठेपणापेक्षा पिक्सेलचा हिशोब उपयोगी. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप कॅमेऱ्यात रुंदीला ६,००० पिक्सेल असतात. १:१ वर ते २३.५ मिलिमीटरवर पसरतात, म्हणजे मिलिमीटरला साधारण २५५ पिक्सेल. दोन मिलिमीटरचा मावा ५०० पिक्सेलचा होतो. फोटो कापून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर ओळखायला पुरे. एक मिलिमीटरचा फुलकिडा मात्र २५५ पिक्सेलचाच राहतो. तो फुलकिडा आहे एवढं कळतं, पंखांची झालर दिसत नाही. ती हवी तर दोन पट मॅग्निफिकेशन लागेल. १:१ ची कोणतीही लेन्स, कितीही महागडी घेतली तरी, हे एकटी करू शकत नाही.

किती लांबून

मॅक्रो लेन्स निवडताना माणसं एफ/२.८ की एफ/३.५ (लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती उघडतं त्याचे आकडे; आकडा मोठा तेवढं भोक लहान) यावर वाद घालतात आणि खरा महत्त्वाचा आकडा विचारायचा राहून जातो. तो म्हणजे लेन्सच्या तोंडापासून वस्तूपर्यंत उरणारं अंतर. कंपनी जे किमान फोकस अंतर छापते ते सेन्सरपासून मोजलेलं असतं. त्यातून कॅमेऱ्याची जाडी आणि लेन्सची लांबी वजा केली की हाती फार थोडं उरतं.

निकॉनच्या डीएक्स ४० मिलिमीटर मॅक्रोचं छापील अंतर १६.३ सेंटीमीटर आहे. १:१ वर लेन्सपुढे साडेतीन सेंटीमीटर उरतात. कॅननच्या ईएफ-एस ३५ मिलिमीटर मॅक्रोला तीनच. त्या लेन्सच्या तोंडाशीच छोटे एलईडी दिवे बसवले आहेत, कारण एवढ्या जवळ गेल्यावर लेन्सची स्वतःचीच सावली वस्तूवर पडते. ६० मिलिमीटरच्या लेन्समध्ये पाच ते नऊ सेंटीमीटर मिळतात. ९० ते १०५ च्या नव्या लेन्समध्ये साधारण १३ ते १५, आणि १५० ते १८० मध्ये १९ ते २४. हूड लावलं की यातून आणखी वजा.

९० किंवा १०० या आकड्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. आतल्या आत फोकस करणाऱ्या लेन्सची फोकल लांबी, म्हणजे नावातला हा मिलिमीटरचा आकडा, जवळ गेल्यावर कमी होते. १०० ची लेन्स १:१ ला प्रत्यक्षात बरीच आखूड झालेली असते. टॅमरॉनची जुनी ९० मिलिमीटर (मॉडेल २७२ ई) जवळ जाताना पुढे वाढत येते, तिच्यापुढे दहाएक सेंटीमीटर उरतात. तिच्याच नंतरच्या एफ०१७ मॉडेलमध्ये जवळपास १४. आकडा तोच, लेन्स तिच्याच घराण्यातली, तरी चार सेंटीमीटरचा फरक. फुलपाखरू बसलेलं राहतं की उडतं हे त्या चार सेंटीमीटरवर ठरतं.

मावा पळत नाही. त्याला साडेतीन सेंटीमीटरही चालले असते, पण सावलीचा प्रश्न उरतो आणि लेन्सचं तोंड पानाला धडकतं. पांझरा किंवा गिरणेच्या काठावरचे चतुर, टाचण्या (चतुरासारखेच पण बारीक कीटक) आणि फुलपाखरं यांना लांबूनच गाठावं लागतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: मोठं फुलपाखरू १:१ ला घ्यायचंच नसतं. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, पंख पसरल्यावर १२ ते १५ सेंटीमीटरचं. त्याला १:६ च्या आसपासच काम होतं आणि त्या वेळी १०० च्या लेन्ससमोर अर्ध्या मीटरहून जास्त अंतर असतं. अडचण येते ती गवतातल्या चिमुकल्या निळ्या फुलपाखरांना. त्यांचे पंख दीड-दोन सेंटीमीटरचे.

दागिन्यांना हे अंतर वेगळ्या कारणासाठी हवं. झिलई केलेलं सोनं आरशासारखं वागतं. लेन्स जवळ असेल तर तिचं काळं वर्तुळ बांगडीच्या फुगीर भागावर दिसतं. लांबून काढलं की ते लहान होतं आणि पांढऱ्या कागदाआड लपवता येतं. शिवाय फार जवळून काढलेल्या अंगठीचा पुढचा खडा अवास्तव मोठा आणि मागची कडी बारीक दिसते. गिऱ्हाईक मग दुकानात येऊन म्हणतं, फोटोत तर खडा मोठा होता.

स्पष्टतेची जाडी

लांब लेन्सने डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोटोत स्पष्ट येणाऱ्या भागाची जाडी, कमी होते असा सार्वत्रिक समज आहे. मॅक्रोत तो खोटा आहे. मॅग्निफिकेशन आणि अ‍ॅपर्चर सारखं ठेवलं तर ६० ची लेन्स असो की १८० ची, स्पष्ट भागाची जाडी जवळपास सारखीच. बदलते ती पार्श्वभूमी. लांब लेन्स मागची फार थोडी जागा घेते, त्यामुळे मागे नुसता हिरवा रंग उरतो. आखूड लेन्समध्ये मागचा ठिबकचा पाइप, बांधावरची बाभूळ आणि विजेचा खांबही येतो.

जाडी किती, तर क्रॉप कॅमेऱ्यावर १:१ ला एफ/८ वर सुमारे ०.६ मिलिमीटर, एफ/११ वर ०.९. फुल फ्रेमवर एफ/८ ला साधारण १. क्रॉपवरच १:२ ला, एफ/८ वर जवळपास २ मिलिमीटर. म्हणजे १:१ वर अळीचा डोळा स्पष्ट असताना तिचे मागचे पाय धूसर असणारच.

मग एफ/२२ का नाही लावायचं? कारण १:१ वर प्रत्यक्ष एफ आकडा लावलेल्या आकड्याच्या दुप्पट होतो. एफ/११ लावलं की प्रकाश आणि डिफ्रॅक्शनच्या (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरून फोटो धूसर होण्याच्या) हिशोबाने ते एफ/२२ असतं. एफ/२२ लावलं तर एफ/४४, आणि सगळा फोटो साबणाच्या पाण्यातून काढल्यासारखा. क्रॉपवर छापील एफ/८ ते एफ/११, फुल फ्रेमवर एफ/११ ते एफ/१६ इथेच थांबा. निकॉनचा कॅमेरा जवळ जाताना हा वाढता आकडा स्वतःच पडद्यावर दाखवतो. एफ/२.८ ची लेन्स एफ/४.८ दाखवते म्हणून ती बिघडली असं समजून दुकानात परत नेऊ नका. कॅनन मूळ आकडाच दाखवत राहतो.

यातून निवडीसाठी एक गोष्ट निघते. मॅक्रोत कुणी एफ/२.८ वर फोटो काढत नाही. त्या आकड्यासाठी जादा पैसे देऊ नका. लग्नाच्या हंगामात त्याच लेन्सने चेहरेही काढायचे असतील तर गोष्ट वेगळी.

ऑटोफोकस आणि व्हीआर

१:१ जवळ ऑटोफोकस पुढेमागे घरघरत राहतो. जाणकार रिंग एका जागी ठेवून शरीरच दोन-चार मिलिमीटर पुढे झुकवतात आणि डोळा स्पष्ट झाला की बटण दाबतात. त्यामुळे फक्त मॅक्रोसाठी लेन्स घेणाऱ्याला मॅन्युअल फोकसची लेन्स चालते. लाओवाची १०० मिलिमीटर एफ/२.८ दोन पट मॅग्निफिकेशनपर्यंत जाते आणि मूळ कंपन्यांच्या १०० च्या लेन्सपेक्षा सहसा स्वस्त पडते. मिररलेस कॅमेऱ्यात फोकस पीकिंग सुरू केलं की स्पष्ट कडा रंगीत दिसतात, काम सोपं होतं. जुन्या डीएसएलआरच्या अंधाऱ्या व्ह्यूफाइंडरमधून तेच काम डोळे दुखवतं.

ऑटोफोकस वापरणार असाल तर लेन्सवर फोकस लिमिटरची, म्हणजे फोकस ठरावीक अंतरातच शोधायला लावणारी, कळ आहे ना बघा. कॅननच्या १०० एलमध्ये ३० ते ५० सेंटीमीटर, ५० पासून अनंत आणि पूर्ण, अशा तीन जागा आहेत. कळ नसेल तर एकदा चुकलेला फोकस पूर्ण फेरी मारून येईपर्यंत चतुर पलीकडच्या काठावर पोचतो.

हाताची थरथर सावरणारं स्थिरीकरण, म्हणजे व्हीआर, आयएस, ओएसएस, लांबच्या फोटोला जितकं उपयोगी तितकं १:१ ला नाही. कॅननच्या १०० एलची स्वतःची मोजणी दूरवर चार स्टॉप आणि १:१ ला दोन स्टॉप अशी आहे (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येणं). आणि वाऱ्यावर ते काहीच करत नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. धुळे-नंदुरबार पट्ट्यात वारा हाच मॅक्रोचा मोठा शत्रू. पान सेकंदाला पाच सेंटीमीटर हललं तर १/२०० सेकंदात ते पाव मिलिमीटर सरकतं. वरच्या हिशोबाने ते साठहून जास्त पिक्सेल झाले. फोटो गेला. त्यावर उपाय लेन्समध्ये नाही: बांबूची काडी जमिनीत रोवायची, कपडे वाळत घालायच्या चिमट्याने देठ तिला पकडायचा, आणि फ्लॅश वापरायचा.

उजेड

चांगली लेन्स आणि भंगार उजेड यापेक्षा साधी लेन्स आणि चांगला फ्लॅश केव्हाही बरा. एफ/११, १/२०० आणि आयएसओ २०० ते ४०० वर कपाशीच्या पानाखाली नैसर्गिक उजेड पुरतच नाही. फ्लॅश १/१६ किंवा १/३२ ताकदीवर लावला की त्याची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी टिकते आणि हलणारं पान गोठतं. मोठ्या फ्लॅशची गरज नाही. गोडॉक्स टीटी३५० सारखा दोन सेलवर चालणारा छोटा फ्लॅशही चालतो.

उघडा फ्लॅश मारला की भुंग्याच्या पाठीवर पांढरा डाग येतो, त्यामुळे डिफ्यूझर हवाच. दुधी फोम शीट किंवा ट्रेसिंग पेपर ए५ आकारात कापा आणि लेन्सच्या तोंडावरून पुढे झुकेल असा रबरबँडने बसवा. तो किड्याच्या जेवढा जवळ तेवढा उजेड मऊ. इथे लेन्सपुढच्या अंतराचा आकडा पुन्हा येतो. साडेतीन सेंटीमीटरमध्ये डिफ्यूझर कुठे घालणार? १३-१४ सेंटीमीटर हे त्यासाठी सोयीचं माप. १८० ची लेन्स घेतली तर डिफ्यूझरही मोठा आणि पुढे नेणारा लागतो, आणि सगळं धूड एका हाताने पेलवत नाही.

फ्लॅशने पार्श्वभूमी काळीकुट्ट होते ही तक्रार नेहमीची. मागे काही नसतं किंवा फार लांब असतं, तिथे उजेड पोचत नाही. मागे हातभर अंतरावर एखादं पान धरा, किंवा आयएसओ ८०० करा म्हणजे आकाशाचा उजेडही नोंदला जाईल.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त "मॅक्रो रिंग फ्लॅश" मध्ये पुष्कळदा फ्लॅश नसतोच, नुसते एलईडी असतात. उन्हात ते लागले काय न लागले काय, कळत नाही. शिवाय कीटकाच्या चकचकीत डोळ्यात गोल कडं दिसतं. सोन्यावर तर ते आणखी वाईट.

दागिन्यांसाठी कॅमेरा ट्रायपॉडवर, लाइट टेंट किंवा तिन्ही बाजूंना पांढरा कागद, आणि एकाच रंगाचे दिवे. दुकानातला पिवळा एलईडी आणि खिडकीतलं ऊन एकत्र आलं की २२ कॅरेटचं सोनं एका बाजूने पितळ दिसतं. पहिल्या फोटोत ग्रे कार्ड ठेवून व्हाइट बॅलन्स पक्का करा. पोलरायझर खड्याच्या काचेसारख्या चमकेला कमी करतो, धातूच्या चमकेवर त्याचा थेट परिणाम होत नाही. म्हणून सोन्यासाठी त्याच्यावर खर्च करू नका. अंगठी पूर्ण स्पष्ट हवी असेल तर फोकस स्टॅकिंग, म्हणजे फोकस सरकवत काढलेले अनेक फोटो एकत्र जोडणं: १:२, एफ/८ वर जाडी २ मिलिमीटर धरली, तर थोडं एकमेकांवर येईल असं दीड मिलिमीटरला एक फोटो. २० मिलिमीटर खोलीला १४-१५ फोटो पुरतात. कॅमेऱ्यात फोकस ब्रॅकेटिंग (फोकस आपोआप सरकवत फोटो काढण्याची सोय) असेल तर ते त्याच कंपनीच्या ऑटोफोकस लेन्सवरच भरवशाने चालतं. दागिन्यांसाठी मॅन्युअल लेन्स घेण्याआधी याचा विचार करा.

आधी स्वस्तातला रस्ता

खरेदीचा अंदाज येईपर्यंत, आणि कित्येकांना कायमचाच, रेनॉक्सचा क्लिप-ऑन भिंग पुरतो. डीसीआर-१५० ची ताकद +४.८ डायॉप्टर, डीसीआर-२५० ची +८. दोन्हींचा क्लिप ५२ ते ६७ मिलिमीटरच्या फिल्टर आट्यांवर बसतो. कॅननची ५५-२५० किंवा निकॉनची एएफ-पी ७०-३०० बहुतेकांकडे किटसोबत आलेली असते, दोन्हींची आटी ५८ ची. गणित असं: झूमची फोकल लांबी भागिले भिंगाची फोकल लांबी. +४.८ ची २०८ मिलिमीटर, +८ ची १२५. म्हणजे २५० वर डीसीआर-१५० ने १.२ पट, डीसीआर-२५० ने २ पट. फोकस अनंतावर असताना लेन्सपुढे अनुक्रमे २० आणि १२ सेंटीमीटरच्या आसपास जागा. ही जागा १०० च्या मॅक्रोइतकी किंवा जास्तच आहे! सुरुवात डीसीआर-१५० ने करा. डीसीआर-२५० ने पहिल्याच दिवशी दोन पटीवर किडा शोधायला गेलात तर तो व्ह्यूफाइंडरमध्ये सापडणारच नाही.

तोटेही आहेत. भिंग लावल्यावर लांबचा फोटो निघत नाही, झूम आखूड केली की कोपरे काळे पडतात, आणि कोपऱ्यांची स्पष्टता मूळ मॅक्रोची नसते. किड्याला चालतं, हॉलमार्क किंवा नाण्यासारख्या सपाट वस्तूला चालत नाही. एकाच काचेचे +१, +२, +४, +१० असे फिल्टरांचे संच मात्र घेऊ नका. कडांना जांभळी-हिरवी किनार येते.

एक्स्टेन्शन ट्यूब ही काच नसलेली पोकळ नळी. डीएसएलआरचा संच बहुधा १२, २० आणि ३६ मिलिमीटरचा. वाढणारं मॅग्निफिकेशन म्हणजे नळीची लांबी भागिले फोकल लांबी. ५० च्या लेन्सला ३६ ची नळी लावली की ०.७२ ची भर, लेन्सचे स्वतःचे ०.१५ ते ०.२ धरून ०.९ च्या आसपास. २५० च्या झूमला तीच नळी ०.१४ ची भर घालते, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. नळीत विजेचे संपर्क हवेतच. बिनसंपर्काच्या नळीवर कॅननची ईएफ लेन्स पूर्ण उघडी राहते, निकॉनच्या 'जी' प्रकारच्या (अ‍ॅपर्चर रिंग नसलेल्या) लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण बंद होतं. दोन्हीकडे पैसे वाया.

लेन्स उलटी लावायची रिंग सर्वांत स्वस्त. ५० उलटी लावली की १:१ च्या जवळ, १८-५५ ची १८ उलटी लावली की तीन पटीच्या पुढे. अंतर चार-पाच सेंटीमीटर. पण उलट्या लेन्सची मागची बाजू उघडी असते, आणि काळ्या मातीच्या वावरात ती धूळ थेट काचेवर. घरात टेबलावर मात्र जरूर करून पाहा.

ज्यांच्याकडे १०० ची मॅक्रो आहेच त्यांनी मावा-फुलकिड्यांसाठी तिच्यापुढे डीसीआर-२५० लावावा. १:१ वरून सुमारे दोन पटीपर्यंत जाता येतं, नवी लेन्स लागत नाही.

मग कोणती?

फक्त दागिने, क्रॉप कॅमेरा: ६० मिलिमीटर. कॅननची ईएफ-एस ६०, निकॉनची एएफ-एस ६०. जागा असेल आणि पुढे फुल फ्रेम घ्यायची असेल तर ९०-१०५. ३५ आणि ४० टाळा.

शेतातली कीड, ओळख पटवण्यापुरती: जुनी टेलिझूम (५५-२५० किंवा ७०-३००) आणि डीसीआर-१५०, सोबत छोटा फ्लॅश. कृषी सेवा केंद्रवाल्याला किंवा कृषीच्या विद्यार्थ्याला याहून जास्त खर्चाची गरज नाही. आणि फवारणी झालेल्या वावरात औषधाच्या लेबलवर दिलेला काळ उलटल्याशिवाय शिरू नका. मॅक्रोत तोंड पानाच्या अगदी जवळ जातं.

सातपुडा, यावल, तोरणमाळ, गौताळ्याकडचे कीटक आणि फुलपाखरं: ९० ते १०५, आतल्या आत फोकस करणारी. लांबी न बदलणाऱ्या लेन्समध्ये धूळ कमी ओढली जाते, आणि खान्देशात उन्हाळ्यात कपाशीच्या वावरातली किंवा तापीकाठची धूळ हा नुसता शब्द नाही. १५०-१८० ची लेन्स पाठीवर घेऊन चढण चढणाऱ्यालाच तिचं वजन माहीत. फुलपाखरंच करायची असं ठरलं असेल तरच ती घ्या.

लेन्सवर "मॅक्रो" लिहिलं आहे एवढ्यावर जाऊ नका. सिग्मा आणि टॅमरॉनच्या जुन्या ७०-३०० झूमवर मॅक्रो असं ठळक लिहिलेलं असतं, त्या १:२ पर्यंतच जातात. कॅननची आरएफ ३५ एफ/१.८ मॅक्रोही १:२ चीच. उलट कॅननची आरएफ १०० एल १.४ पटीपर्यंत जाते.

जुनी घेताना

निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांच्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसते. जुनी एएफ-डी (आत मोटर नसलेली) ६० किंवा १०५, आणि टॅमरॉन २७२ ई ची बिनमोटरची आवृत्ती त्यांच्यावर मॅन्युअलच चालते. निकॉन झेड या मिररलेस कॅमेऱ्यांवर जुन्या लेन्स जोडणारा एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लावूनही एएफ-डी चा ऑटोफोकस चालत नाही, आत मोटर असलेल्या एएफ-एस चा चालतो. कॅननच्या ईएफ लेन्सला आरएफ अ‍ॅडॉप्टरवर अडचण येत नाही. क्रॉप कॅमेऱ्यांसाठीची ईएफ-एस लेन्स मात्र फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही.

मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून तिरका मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, लेन्स परत द्या. धुळीचे चार कण चालतात, फोटोत येत नाहीत. अ‍ॅपर्चर एफ/१६ वर ठेवून डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबा. पाती झटकन बंद व्हायला हवीत आणि त्यांच्यावर तेलाची चमक नको. उन्हाळ्यात बंद गाडीत राहिलेल्या लेन्समध्ये आतलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा बंद गाडीच्या किंवा डिकीच्या आत काय होत असेल याचा अंदाज करा. फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, मध्ये कुठे करकर किंवा ढिलाई लागली तर आत रेती गेलेली आहे. शेवटी खिशातली पट्टी काढा, १:१ वर फोटो घ्या आणि मिलिमीटर मोजा. क्रॉप कॅमेऱ्यावर २२ ते २४ च्या आत भरले पाहिजेत. कोपऱ्यातले आकडेही मधल्याइतके स्पष्ट आहेत ना ते मोठं करून पाहा. एकच कोपरा धूसर असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे.

घरी आणल्यावर जून ते सप्टेंबर तिला कापडी बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात रंग बदलणारी सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. जेलचा रंग बदलला की मंद आचेच्या तव्यावर परतून कोरडी करा आणि गार झाल्यावरच परत डब्यात टाका.